बानू निम्म्या गडावर का राहते?

२०१५ च्या गणेशोत्सवाआधी कसब्यातल्या कुंभारवाड्यात मूर्ती बघायला गेले होते. दगडूशेठ, लालबाग, बाळगणेश, फेटेवाले अशा नेहमीच्या मूर्तींच्या पुढे त्या वर्षी वेगळीच रांग मांडलेली होती. रुंद छाती, कमावलेले दंड, हातात खंडा, कपाळावर भंडारा. सोंड तेवढी गणपतीची, बाकी सगळा खंडोबा. "जय मल्हार गणपती," दुकानदारानं सांगितलं, आणि याच मूर्ती आधी संपतात हेही सांगितलं. माझा सात वर्षांचा भाचा बरोबर होता. तो लगेच म्हणाला, "मावशी, हा टीव्हीतला."

खंडोबा आमचं कुलदैवत. देव्हाऱ्यात तळहाताहून लहान असा चांदीचा टाक आहे. घोड्यावर देव, त्याच्या पाठीशी म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. चार पिढ्यांनी चिंच लावून तो घासला, त्यामुळे देवाचं नाक, डोळे, मिशा सगळं झिजून गेलं आहे. बोट फिरवलं तर घोडा कळतो, देव बसलाय एवढं कळतं, चेहरा कळत नाही. लहानपणी मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. त्या सपाट जागी ज्याला जो दिसायचा तो दिसायचा. आजीला कोण दिसतो, बाबांना कोण दिसतो, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. भाच्याला आज विचारलं तर त्याच्याकडे उत्तर तयार आहे.

'जय मल्हार' ही मालिका झी मराठीवर मे २०१४ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये संपली. देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा, ईशा केसकर बानू. जवळजवळ तीन वर्षं आमच्या घरी संध्याकाळचं जेवण तिच्या वेळेवर ठरायचं. मी ती मनापासून पाहिली, आणि तिनं जे दिलं ते आधी सांगायला हवं. १९८७ मध्ये 'रामायण' आलं, १९८८ मध्ये 'महाभारत'. टीव्हीवरचा देव म्हणजे अयोध्येचा, द्वारकेचा, कैलासाचा, हे तेव्हापासून आमच्या डोळ्यांत पक्कं बसलं होतं. ज्याच्या नावानं आम्ही घरात तळी भरतो, ज्याच्या नैवेद्याला चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा लागतो, जो धनगराच्या मेंढ्या राखायला गेला, तो देव रोज संध्याकाळी मोठ्या दिमाखात घराघरांत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण धनगर समाजातली. बानूच्या लग्नाचे भाग चालू होते तेव्हा ती डबा खाताना तिच्या घरच्या गोष्टी सांगायला लागली. आधीची सात वर्षं आम्ही एकाच टेबलावर जेवत होतो आणि तिनं कधी त्या सांगितल्या नव्हत्या. हे मालिकेमुळे झालं. त्याचं मोल मी कमी लेखणार नाही.

मालिकेनं देव बाटवला, भावना दुखावल्या, अशी ओरड मला करायची नाही. माझं दुखणं दुसरं आहे. खंडोबा हा अनेकांनी अनेक तऱ्हांनी सांगितलेला देव आहे, आणि मालिकेनं तो एक करून टाकला. त्याहून वाईट म्हणजे, ज्यांनी तो शतकानुशतकं सांगत आणला त्या माणसांचं नाव त्या सगळ्या व्यवहारात कुठेच आलं नाही.

अनेक म्हणजे किती अनेक, हे जरा पाहू. आपण 'येळकोट येळकोट' म्हणतो तो मूळचा कानडी शब्द, 'एळु कोटी' म्हणजे सात कोटी. देवाचा प्रधान हेगडी, तेही कानडीच. कर्नाटकात हाच देव मैलार किंवा मैलारलिंग, तेलंगणात मल्लण्णा. आपल्याकडच्या दोन बायका तर प्रसिद्धच आहेत. म्हाळसा नेवाशाच्या तिम्माशेट वाण्याची लेक, लिंगायत. बानू चंदनपुरीची धनगरीण. तेलंगणात कोमुरवेल्लीला गेलं तर मल्लण्णाच्या शेजारीही दोघीच असतात, मेडलम्मा व्यापारी बलिजांची आणि केतम्मा गोल्ला गवळ्यांची. भाषा बदलली, नावं बदलली, पण एक बायको पेठेतली आणि एक रानातली, हा जोड तसाच राहिला. आपल्याकडच्या गाण्यांत त्याला आणखी तिघी आहेत. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई भागवानीण, जिला कुणी तेलीण म्हणतं, कुणी मुसलमान. देवाचं मल्लूखान असंही एक नाव आहे. धाराशिव जिल्ह्यात अणदूर आणि नळदुर्ग ही दोन ठाणी आहेत. तिथे मूर्ती एकच. वर्षाचा काही काळ ती अणदूरला असते, काही काळ नळदुर्गला, आणि दोन्ही गावांची माणसं ठरल्याप्रमाणे ती एकमेकांकडे सोपवतात. ज्याची मूर्तीसुद्धा एका गावाची होऊन राहिली नाही, त्याची गोष्ट एकाची कशी होईल?

आता बानूची गोष्ट घ्या, कारण मालिकेचा जीव तिच्यात होता आणि माझाही आहे.

देव आणि म्हाळसा सारीपाट खेळायला बसतात. देव हरतो आणि पैजेपायी बारा वर्षं घराबाहेर पडतो. चंदनपुरीत बानूच्या बापाकडे चाकरीला राहतो. जेजुरीचा राजा तिथे मेंढरांचा वाडा झाडतो, लेंड्या भरतो, पोरांची बोलणी खातो. (पुण्यात वाडा म्हटलं की शनिवारवाडा डोळ्यांपुढे येतो. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जागा.) मग मेंढरं धुवायला नदीवर नेतो आणि धोब्यानं कपडे आपटावेत तशी ती दगडावर आपटून मारतो. बानूचा बाप ऊर बडवतो. देव म्हणतो, मेंढरं उठवतो, पोरगी द्या. भंडारा उधळतो, मेंढरं उठतात, लग्न लागतं, आणि बानूला घोड्यावर घालून तो जेजुरीला येतो. तिथे म्हाळसा दारात उभी.

इथवर जवळजवळ सगळे सारखंच सांगतात. पुढे मात्र वाटा फुटतात. जेजुरीच्या पायऱ्या चढलेल्या प्रत्येकानं पाहिलं असेल, म्हाळसा वर गडकोटात देवापाशी आहे आणि बानाईचं देऊळ खाली, निम्म्या वाटेवर आहे. का? माझं माहेर सासवडकडचं. आमची आजी सांगायची की म्हाळसेनं तिला वर येऊ दिलं नाही, मेंढराचा वास येतो म्हणाली. माझ्या त्या मैत्रिणीच्या घरी सांगतात की बानूच वर गेली नाही. खाली तिची मेंढरं होती, वर चारा कुठला? एका जागरणात वाघ्यानं सांगितलेलं मी ऐकलंय की देवानंच तिला मधे ठेवली, म्हणजे वर जातानाही भेट आणि खाली शिकारीला उतरतानाही भेट. एकाच देवळाची तीन कारणं, आणि तिन्ही तितकीच खरी. प्रत्येक घर आपापल्या बानूची बाजू घेतं. आजीची बानू अपमान गिळणारी होती, मैत्रिणीची बानू कुणाच्या मेहेरबानीवर न जगणारी.

मालिकेला अशी तीन कारणं ठेवता येत नाहीत. तिला एक प्रसंग लिहावा लागतो, एक संवाद, एक सेट. आठवड्यातून सहा दिवस, दर भागाला वीसेक मिनिटं गोष्ट, शेवटी उद्या काय होईल याचा धक्का. हा साचा सासू-सुनांसाठी, नणंदा-भावजयांसाठी घडलेला. देवाला त्यात बसवायचं तर त्याच्या घरातली भांडणंच वापरावी लागतात. म्हणून म्हाळसा आणि बानू या दोन सवती झाल्या, आणि मधे समजूतदार, बिचारा नवरा. गाण्यांतही भांडण आहेच, अगदी कडाक्याचं आहे. पण ते कशावरून आहे ते ऐका. म्हाळसा बानूच्या घोंगडीवर बोलते, तिच्या खाण्यावर बोलते, तिच्या जातीवर बोलते. बानू उलट तिच्या कामाला न लागणाऱ्या हातांवर बोलते. आणि देव बानूच्या हातचं चवीनं खातो.

सासवडहून जेजुरीला जाताना दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेनं आजही मेंढरांचे कळप दिसतात. पुढे घोडं, त्याच्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, घोंगडीत गुंडाळलेलं पोर. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतो, कारण लेंडीखताला तोड नाही. त्याच्या बदल्यात धान्य देतो, पैसे देतो. आणि उभ्या पिकात मेंढरू शिरलं की तोच शेतकरी काठी घेऊन धावतो. गरज आहे आणि संशयही आहे. जवळ बोलवायचं आणि उंबऱ्याबाहेर ठेवायचं. म्हाळसा-बानूचं भांडण म्हणजे हेच भांडण आहे. जर्मनीहून येऊन पुण्यात राहिलेले, धनगरांच्या मागे रानोमाळ हिंडलेले अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी वस्तीतला माणूस आणि भटका मेंढपाळ यांच्या या नात्यातून खंडोबा समजावून सांगितला. रा. चिं. ढेरे यांनी पुण्यात बसूनच या देवाचा माग कर्नाटक-आंध्रापर्यंत काढला. इतकी सामग्री हाताशी असताना ते भांडण निव्वळ मत्सराचं करून टाकणं, हे मला फार मोठं नुकसान वाटतं. दोन बायका एका नवऱ्यासाठी भांडतात, हे कुणालाही लिहिता येतं. दोन जगणी एका देवावर हक्क सांगतात, हे दाखवण्याची संधी होती.

आणि भाषा. मालिकेत देव आणि म्हाळसा पुस्तकी मराठी बोलायचे, बानू गावाकडची. पाहणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नसेल. पण वाघ्याच्या तोंडचा देव, म्हाळसा, बानू, हेगडी, सगळे एकच भाषा बोलतात, सांगणाऱ्याची. तिथे देवही "आगं" म्हणतो आणि म्हाळसाही. जागरण ऐकताना बानू इतरांपेक्षा वेगळी ठरते ती तिच्या करणीनं. पडद्यावर ती तोंड उघडताक्षणीच भोळी, अडाणी, गोड ठरून जाते. आमच्या पुण्यात शुद्ध-अशुद्धाच्या नावाखाली शाळेच्या बाकावर पोरांना जे सोसावं लागतं, तेच देवाच्या घरात बानूला सोसावं लागलं. सासवडहून पुण्यात शिकायला आले तेव्हा मीही ते सोसलंय, म्हणून ते मला चटकन दिसलं.

देवावर मालिका आली की एक दुसरी मागणीही हमखास उठते. ग्रंथाला धरून दाखवा, ग्रंथात नसलेलं घालू नका. मागणी करणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, यात मला शंका नाही. पण त्यांनी एकदा विचार करावा. कुठला ग्रंथ? संस्कृत 'मल्हारी माहात्म्य' घेतलं तर त्याचा गाभा मणि-मल्लाचं युद्ध आहे. ऋषींना त्रास होतो, शंकर मार्तंडभैरवाचं रूप घेतो, दैत्य मारले जातात, चंपाषष्ठीला विजय होतो. बानूचा सगळा संसार नांदतो तो धनगरी ओव्यांत आणि वाघ्या-मुरळींच्या पदांत. ग्रंथाला धरूनच दाखवायचं ठरलं तर सगळ्यात आधी बाहेर जाईल ती बानू. म्हणजे चॅनेलवाले टीआरपीसाठी एक गोष्ट करतात आणि त्यांचे विरोधक पावित्र्यासाठी एक गोष्ट करायला निघतात. दोघांच्याही हातून मरते ती ज्यांनी लिहून ठेवलं नाही त्यांची गोष्ट.

ग्रंथापलीकडे जाऊन या देवाकडे पाहण्याची रीत पुण्याला नवी नाही. जोतीराव फुले यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, पण पुढे ते जेजुरीच्याच पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आलं. त्यांचं नावच जोतिबाच्या नावावरून ठेवलेलं. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी खंडोबाला बळीराजाचा अधिकारी म्हटलं. राज्याची नऊ खंडं, खंडाचा अधिकारी तो खंडोबा, महासुभा तो म्हसोबा. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य होईल न होईल, मला तो मुद्दा वाटत नाही. शेतकऱ्यानं आपल्या देवाची गोष्ट स्वतः सांगायची, दुसऱ्यानं सांगितलेली निमूट ऐकायची नाही, हा हक्क जोतीरावांनी बजावला. दैत्य कोण आणि देव कोण हे त्यांनी उलटून पाहिलं. जेजुरीत तर मणिदैत्यालाही मान आहे. मरताना तो शरण आला, देवाजवळ जागा मागितली, ती त्याला मिळाली. शत्रूलाही पायरीशी बसवून घेणारी ही गोष्ट आहे. तिच्यात पुरावा मागत आणि पावित्र्य तपासत बसणं तिच्या स्वभावाशीच जुळत नाही.

मी परंपरेच्या बाजूनं बोलते आहे म्हणून परंपरेतलं सगळंच गोड आहे असं मी मानत नाही. मुरळीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे नेणं मला अप्रामाणिक वाटतं. नवसापायी पोरी देवाला सोडायच्या, देवाशी त्यांचं लग्न लावायचं आणि मग त्या पोरीचं आयुष्य गावाच्या मर्जीवर सोडायचं, हे या देवाच्या नावानं झालेलं आहे. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केलं आणि या प्रथेविरुद्ध लिहिलं. शिवूबाई नावाच्या मुरळीनं स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलेलं पत्र त्यात छापून आलं. विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या प्रथेविरुद्ध काम केलं. राज्याचा देवदासी निर्मूलनाचा कायदा तर २००५ चा आहे, म्हणजे काल-परवाचा. म्हाळसा रुसली, बानू रडली यावर महिनोन् महिने भाग रंगवता येतात, मग देवाची बायको म्हणून सोडलेल्या, जिला नवराही नाही आणि घरही नाही अशा बाईची गोष्ट कुणालाच का लिहावीशी वाटत नाही? खंडोबाच्या बायकांची गोष्ट सांगायची तर ती तिच्यापर्यंत यायला हवी. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मुरळीनं या पुण्यातल्या मासिकात पत्र लिहिलं. तिच्याइतकं धाडस आजच्या पडद्याला करता यावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

मालिका ही करमणूक आहे, तिच्यावर अभ्यासाचं ओझं कशाला, असं मला पुष्कळ जणांनी ऐकवलं. जागरण काय कमी करमणूक आहे? मुरळीची बतावणी चालू असते तेव्हा हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. रात्रभर माणसं मांडी मोडून बसतात ती केवळ भक्तीनं नव्हे. करमणूक करताना वाघ्या एक गोष्ट पाळतो, तेवढी मला महत्त्वाची वाटते. तो अधूनमधून म्हणतो, "आमच्याकडं आसं सांगत्यात, तिकडं तसं सांगत्यात." या एका वाक्यानं तो ऐकणाऱ्याच्या आजीला जागा ठेवतो. मालिकेला हे जमणार नाही असं नाही. सूत्रधार म्हणून खरा वाघ्या आणा, खरी मुरळी आणा, आणि त्यांना दोन तऱ्हांनी सांगू द्या. बघणारे गोंधळतील ही भीती खोटी आहे. हेच बघणारे पिढ्यान् पिढ्या दहा तऱ्हा ऐकत आलेत.

आणि पैशाचं बोलायला लाजू नये. देवावरच्या मालिकांच्या सुरुवातीला एक पाटी येते. पुराणकथा आणि लोककथांवर आधारित, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, वगैरे. लोककथा म्हटलं की ती कुणाचीच नाही असं आपण धरून चालतो. ती कुणाची तरी असते. अमक्या गावच्या अमक्या वाघ्यानं ती त्याच्या गुरूकडून घेतली, त्यात स्वतःची चार पदं घातली, पावसाळ्यात काम नसतं तेव्हा घरी बसून पोराला पाठ करून दिली. कथा-पटकथा लिहिणाऱ्याला मानधन मिळतं, शीर्षकगीत लिहिणाऱ्याला मिळतं, मिळायलाच हवं. मग ज्यांच्या पदांतून प्रसंग उचलले त्यांची नावं त्याच पाटीवर का नकोत? भाग विकला गेला, मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिला गेला, तर त्यातला वाटा त्यांना का नको? २०१८ मध्ये बाळूमामांवर मालिका आली, २०२० मध्ये जोतिबावर. या देवांना आता टीव्हीवर बाजार आहे हे उघड झालं आहे. बाजार असेल तर हिशोबही चोख हवा. वारी मागायला कोटंबा, म्हणजे भिक्षेचं पात्र, घेऊन दारोदार फिरणं हा वाघ्याचा धर्म आहे, पण म्हणून त्याच्या विद्येला भीक घालायची असं कुठे ठरलंय?

गेल्या वर्षी हडपसरकडे आमच्या नात्यात लग्न झालं. लग्नानंतर जागरण-गोंधळ घालायचा, तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये घातला. पाच उसांची खोपी बांधली, नव्या कापडावर धान्याचा चौक मांडला, कळस बसवला, दिवटी पेटली. पाच पुरुषांनी ताम्हण धरून तळी उचलली, "सदानंदाचा येळकोट" झाला, गाड्यांच्या काचांवर भंडारा बसला. दहा वाजता स्पीकर बंद करायचा हे आधीच बजावून ठेवलेलं. जागर म्हणजे रात्र जागवायची, आणि ती दहाला संपवायची. वाघ्यानं देवाचं लग्न तासाभरात बसवलं. मधेच पोरांनी मालिकेचं गाणं मागितलं. त्यानं तुणतुण्यावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि तेही म्हटलं, मनापासून म्हटलं.

दहाला माइक गेला. निम्मे पाहुणे जेवायला उठले. वाघ्या दिमडी पुसून ठेवणार, तेवढ्यात कुणीतरी म्हातारी म्हणाली, "बानू राह्यली की." मग तो खाली सतरंजीवर येऊन बसला आणि साध्या आवाजात सांगायला लागला. मुरळी हातातली घंटी, घोळ, हलकेच वाजवत होती, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून. आम्ही वीस-पंचवीस जणी सरकून जवळ बसलो. त्याची बानू चंदनपुरीहून निघताना देवाच्या घोड्यावर बसायला नाही म्हणाली. आधी माझी मेंढरं मोजून घे, मग मला ने, म्हणाली. हे मी कधी ऐकलं नव्हतं. माझा भाचा, आता चांगला मोठा झालेला, न राहवून म्हणाला, "पण मालिकेत ती अशी नव्हती."

वाघ्या थांबला. "ती त्यांची बानू," तो म्हणाला. "ही आमची." आणि पुढे मेंढरं मोजायला लागला.

नंतर जेवताना मी त्याला विचारलं, कधी कुणी मालिकावाले तुमच्याकडे आले होते का, गोष्ट विचारायला. नाही म्हणाला. फोनवर रेकॉर्ड करून नेणारे पुष्कळ भेटतात, नाव अजून कुणी विचारलेलं नाही. मी पर्समधली वही काढली. त्यानं नावं सांगितली, आधी मुरळीचं, मग तुणतुण्यावरच्या म्हाताऱ्याचं, शेवटी स्वतःचं.